आजोबांचा डावा हात

आमच्या घरात मारणारा माणूस अंथरुणाला खिळलेला होता, म्हणून त्याला मारकुटा असं कोणी म्हटलं नाही. ते माझे आजोबा, वडिलांचे वडील. मार खाणारी माझी आई. आमच्या नातेवाइकांत अजूनही त्या दिवसांना ‘आजोबांचं शेवटचं आजारपण’ म्हणतात. आजारपण त्यांचं होतं, कबूल. पण जखमा आईच्या होत्या, आणि त्यांचा उल्लेख कोणी करत नाही. मी करणार आहे. मला आगाऊ म्हणणारे पुष्कळ होऊन गेले, त्यात आणखी दोन-चारांची भर पडली तर माझं काही अडत नाही.

पन्नास साल उलटून पाच-सहा वर्षं झाली असतील. मी शाळेच्या शेवटच्या वर्गात होते. तंजावूरला राजवाड्याच्या पश्चिमेला एका अरुंद वीथीत आमचं घर होतं आणि घरात माणसं चारच: आजोबा, अण्णा म्हणजे माझे वडील, अम्मा म्हणजे आई, आणि मी. आजोबा सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले. जमीनमहसुलाच्या खात्यात त्यांनी आयुष्य काढलं होतं, गावोगावचे लोक त्यांच्यापुढे हात जोडून उभे राहिलेले, त्यामुळे घरातही कोणी बसलेलं त्यांना फारसं आवडत नसे. एका सकाळी अंघोळीहून येताना ते कोसळले आणि त्यांची उजवी बाजू गेली. जीभ महिनाभरात परत आली. दुर्दैवाने पहिल्यापेक्षा धारदार होऊन आली.

इथे आमच्या घरची एक रीत सांगायला हवी, कारण सगळं तिच्यावरच फिरलं. आजोबा मडीतल्या माणसाच्या हातचंच जेवत. मडी म्हणजे सोवळं. आई पहाटे विहिरीवर अंघोळ करी, वेगळं वाळवलेलं लुगडं नेसे, आणि मग आजोबांचं जेवण होईपर्यंत तिला कोणी शिवायचं नाही. शिवलं की पुन्हा अंघोळ, पुन्हा लुगडं, पुन्हा भात. आजोबा चालतेफिरते होते तेव्हा हे निभत होतं. ते पडल्यावर त्यांनी आपला पलंग स्वयंपाकघराच्या आतल्या खोलीत हलवून घेतला. त्या खोलीत छताजवळ आडवा वेळू टांगलेला होता, त्यावर मडीची लुगडी-धोतरं वाळत, आणि ती हात न लावता वर चढवायला एक लांब काठी कोपऱ्यात असे. त्या खोलीत आई आणि आजोबा सोडून कोणी जायचं नाही. अण्णा कचेरीत सतरा लोकांना शिवून यायचे आणि मी बसमधून, शाळेतून. आम्ही दोघं उंबऱ्याच्या अलीकडे.

आता दुसरी गोष्ट. उजवा हात गेला तरी आजोबांचा डावा हात ठणठणीत होता. डॉक्टरांनी सांगितलं, डाव्या हाताने जेवायची सवय करा, बरं पडेल. आजोबांनी त्यांच्याकडे असं पाहिलं की डॉक्टरांनी पुन्हा विषय काढला नाही. डाव्या हाताने अन्नाला शिवायचं? ते शक्यच नव्हतं. म्हणून आई त्यांना भरवायची. आणि तोंडाची डावी बाजू चांगली, घास तिकडून द्यावा लागे, म्हणून ती त्यांच्या डाव्या अंगाला बसायची. म्हणजे चांगल्या हाताच्या बरोबर टप्प्यात. डाव्या हाताने जेवणं त्यांना पाप वाटायचं. डाव्या हाताने सुनेला मारणं वाटलं नाही.

पहिल्यांदा नुसता फटका होता, मनगटावर. सार गार झालं म्हणून. मग गालात. मग कोपऱ्यातली ती काठी त्यांनी पलंगाशी ठेवून घेतली, ‘धोतर मीच ढकलून देईन’ म्हणाले, आणि आईला त्यात मामंजींची उमेद दिसली. तिने आपल्या हाताने काठी त्यांच्या उशाशी नेऊन ठेवली. सोवळ्यातली काठी म्हणून ती तिथून उचलायला आम्हां दोघांना हात लावता येत नव्हता. अशी चूक घडायला घर आमचंच असावं लागतं.

सकाळी नऊला त्यांचं जेवण. ते जेवल्याशिवाय घरात कोणी जेवायचं नाही, म्हणून त्या वेळी अण्णा कचेरीचा कोट घालून आणि मी दप्तर घेऊन स्वयंपाकघराच्या अलीकडे बसलेले असू. आतलं सगळं दिसायचं. ऐकूही यायचं.

“सार की पाणी अहे हें? कोणें शिकवलें तुजला?”

“उद्यां नीट करतें, मामंजी. हा येवढा घास घ्या.”

आणि फटका. अण्णा वर्तमानपत्र तोंडासमोर धरायचे. मी भूगोलाचं पुस्तक उघडायची. आई घास पुढे करत राहायची. जेवण संपलं की ती बाहेर येऊन आमची पानं मांडायची आणि विचारायची, पापड भाजू का. तिने त्या वर्षी कोपरापर्यंत बाह्यांच्या चोळ्या शिवून घेतल्या. तंजावूरच्या उन्हाळ्यात. शेजारणींना सांगितलं की नवी फॅशन आहे.

मी विचारलं की ती म्हणे, “बुद्धि ठिकाणावर नाहीं गे त्यांची. दुखणें अहे. त्यांस काय कळतें?”

अण्णा म्हणत, “वेळ जाऊं दे. आजारी माणसाशी काय भांडायचें?”

डॉक्टरही म्हणाले होते की या दुखण्यात स्वभाव चिडखोर होतो. तिघंही मोठी माणसं, तिघांचं एकमत, मग मी कोण विचारणार? पण मला गणित बरं यायचं, आणि गणित येणाऱ्याला एक खोड असते, ताळा करून बघायची. दर पंधरा दिवसांनी न्हावी यायचा. ओसरीवर खुर्चीत बसवून आजोबांची दाढी व्हायची आणि मग त्यांना अंघोळ. एकदा वस्तरा लागला, हनुवटीवर रक्त आलं. आजोबा म्हणाले, “असूं दे, होतें असें.” कंपाउंडरही तिथेच सुई टोचायचा, दोनदा शीर चुकायची, त्याला ते मुलं-बाळं विचारायचे. त्यांचे एक जुने मित्र तिरुवैयारुहून येऊन ओसरीवर तासभर बसत आणि वादात आजोबांना चूक ठरवत. आजोबा हसत. हात सगळ्या वेळी मांडीवर गप्प. म्हणजे दुखण्याला माणसं ओळखू येत होती. दुखण्याला हेही कळत होतं की कोणाला मारलं तर चालतं.

हे मी आईला सांगितलं तर तिने माझ्यावर डोळे वटारले. आजारी माणसाबद्दल असं बोलतात?

मग भुवईचं झालं. एका सकाळी रसवांग्यात वांगं कमी शिजलं होतं. आजोबांनी काठी आडवी फिरवली आणि तिचं टोक आईच्या डाव्या भुवईवर बसलं. डोळ्याच्या वर अर्धं बोट. रक्त पापणीवरून खाली आलं. आईने पदराने पुसलं, उजव्या हातात घास होता तो त्यांच्या तोंडात घातला, आणि पुढचा कालवला. एका डोळ्याने बघत. जेवण संपल्यावर डॉक्टरांनी तिथे तीन टाके घातले. मी ते पाहिलं आणि मला भयंकर राग आला. मला आजोबांचा राग आला, हे कोणीही समजून घेईल. पण अण्णांचा जास्त आला, आणि खरं सांगायचं तर आईचाही आला, की ही घास का भरवते आहे?

त्या दुपारी आजोबा झोपलेले असताना मी अंघोळ केली, ओल्या परकराने आत गेले आणि काठी उचलून मागच्या परसात नारळाच्या झाडामागे टाकून दिली. मला वाटलं, प्रश्न मिटला. दुसऱ्या दिवशी त्यांनी पाण्याचा चेंबू फेकून मारला. पितळेचा, गळ्याशी निमुळता, पाण्याने भरलेला. तो आईच्या खांद्याला लागला. चेंबू लांब ठेवला तर त्यांनी तिची वेणी धरली. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला की काठी, चेंबू, वेणी हे सगळं हाताला मिळेल ते होतं. घरातल्या किती वस्तू मी नारळाच्या झाडामागे टाकणार होते?

वेणी धरली तो दिवस मंगळवार होता, एवढं पक्कं आठवतं, कारण शाळेत पहिला तास रसायनाचा होता आणि माझा तो बुडाला. त्यांनी वेणी मुठीत घेऊन आईचं डोकं पलंगाच्या दांडीवर आपटलं. एकदा. दुसऱ्यांदा आपटायला मागे ओढलं तेव्हा मी आत होते. मी उंबरा कसा ओलांडला ते मला आठवत नाही, दप्तर खांद्यालाच होतं. मी दोन्ही हातांनी त्यांचं मनगट धरलं आणि बोटं एकेक करून सोडवली.

 मग आजोबा ओरडले, आणि काय ओरडले ते ऐका.

“शिवलीस मजला! मडी मोडली! अय्यो, शाळेच्या लुगड्यानें शिवलीस!”

सुनेचं डोकं लाकडावर आपटल्याचं त्यांना काही वाटलं नव्हतं. नात शिवली म्हणून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मी त्यांचं मनगट धरून उभी होते आणि मला एकदम फार शांत वाटलं. इतके महिने ज्या नियमाने आम्हांला बाहेर बसवलं होतं, तो नियम आत आल्यावर माझ्या बाजूने उभा राहिला होता.

जेवण अर्थातच गेलं. आजोबांना पुन्हा पुसून काढायचं, धोतर बदलायचं, आईची पुन्हा अंघोळ, पुन्हा चूल. त्यांना घास मिळाला तेव्हा बारा वाजून गेले होते. अण्णांची कचेरी उशिरा झाली. ते माझ्यावर धावून आले.

“काय केलेंस हें? म्हाताऱ्या माणसाला उपाशी ठेवलेंस!”

“मी कोठें ठेवलें? त्यांच्या हातानें ठेवलें.” मी म्हणाले, “आणि अण्णा, आजपासून रोज हेंच. हात वर झाला कीं मी शिवणार.”

अण्णांनी मला कधी मारलं नव्हतं. त्या दिवशी त्यांचा हात उचलला गेला. मी म्हणाले, “हा सुद्धां?” त्यांनी हात खाली घेतला आणि छत्री उचलून निघून गेले.

दुसऱ्या दिवशी मी उंबऱ्यात उभी राहूनच आजोबांना नियम सांगितला. आवाज चढवला नाही. आमच्या बाई वर्गात सांगत तसं, एकेक शब्द सुटा. तुम्ही चिडा, बोला, सार पाणी आहे म्हणा, तुमचं घर आहे. अम्माला हात लावलात की मी आत येणार आणि तुम्हांला शिवणार. मग जेवण बारा वाजता. अंघोळीसह.

त्यांनी मला ज्या शिव्या दिल्या त्या अस्सल आमच्या तंजावरी मराठीतल्या, अर्ध्या तमिळ, आणि त्यांतल्या दोन मला त्याआधी ठाऊक नव्हत्या. मी ऐकून घेतल्या. शिव्यांनी हाड मोडत नाही. मग त्यांनी परीक्षा घेतली. त्या आठवड्यात तीनदा हात उगारला, एकदा चिमटा काढला. मी चारही वेळा आत गेले आणि त्यांच्या खांद्यावर तळहात ठेवला, अगदी हलका. चारही दिवस त्यांचं जेवण बारा वाजता झालं. शाळेत मी पोट दुखतं म्हणून सांगितलं. बाईंना शंका आली असणार.

पाचव्या वेळी हात वर आला, थांबला, आणि आजोबांनी मान वळवून उंबऱ्याकडे पाहिलं. मी उभीच होते. हात खाली गेला आणि त्यांनी तोंड उघडलं. आईने घास घातला.

ते अण्णांनी पाहिलं. वर्तमानपत्र त्यांच्या मांडीवर पडलेलं होतं. दुखण्याने उठणारा हात नातीला बघून खाली कसा जातो, हा प्रश्न त्यांना मी विचारला नाही, विचारायची गरजच नव्हती. पुढच्या रविवारी ते पहाटे विहिरीवर गेले, ओलं धोतर नेसून आत आले आणि आईला म्हणाले, “आज मी भरवतों. तूं बाहेर बैस.” आजोबा म्हणाले की पुरुषाच्या हातचं जेवण घशाखाली उतरत नाही. अण्णा म्हणाले, “उतरेल, अप्पा.” उतरलं. मला अण्णांचा फार अभिमान वाटला, आणि उशीर झाल्याचा रागही गेला नाही. दोन्ही एकाच वेळी वाटू शकतं, हे मला तेव्हा कळलं.

आईला बदलणं मात्र आजोबांना बदलण्यापेक्षा कठीण गेलं. मी तिची बसायची जागा बदलली. आता ती उजव्या अंगाला, लुळ्या हाताकडे बसायची आणि लांब दांड्याच्या पळीने पलीकडून भरवायची. हे तिने मान्य केलं, कारण त्यात मामंजींचा अपमान नव्हता. पण मी म्हणाले, त्यांनी आरडाओरडा सुरू केला की पळी ठेवून ऊठ आणि बाहेर ये, तर ती म्हणाली, “पानावरच्या माणसाला सोडून उठूं? पाप लागेल गे.”

“मग लागूं दे. मजला लागूं दे. तूं ऊठ.”

ती दोन महिने उठली नाही. मग एका सकाळी आजोबांनी तिच्या माहेराबद्दल काही तरी काढलं. तिचे वडील ओरत्तनाडूला एका सत्रात, म्हणजे अन्नछत्रात, स्वयंपाक करून मुलं वाढवणारे, अतिशय सरळ माणूस, आणि वारून वर्षही झालं नव्हतं. आईने पळी पानावर ठेवली. उठली. आमच्याजवळ येऊन बसली, भिंतीला पाठ टेकून. आतून हाका येत होत्या. ती बसून राहिली. मी तिचा हात धरायला गेले तर म्हणाली, “शिवूं नको. थोडक्या वेळानें जाईन परत.” पंधरा मिनिटांनी ती आत गेली आणि म्हणाली, “जेवतां काय, मामंजी?” त्यांनी जेवून घेतलं.

नातेवाइकांत बोभाटा झालाच. नात आजोबांना उपाशी मारते. एक दूरच्या आत्या खास मला बघायला आल्या, जशी मी जत्रेतली दोन डोक्यांची शेळी. मी त्यांना म्हणाले, तुम्ही आठवडाभर राहा, मडीत राहून भरवा, मी तुमचे पाय धुते. त्या संध्याकाळच्याच गाडीने गेल्या.

आजोबा खरोखर आजारी नव्हते असं मी म्हणत नाही. पुढे दुसरा झटका आला, तेव्हापासून काही दिवस ते माणसं ओळखत नसत. मलाच आपली बहीण समजून रडत. तापात एकदा त्यांचा हात असा उडाला की आईच्या नाकातून रक्त आलं, आणि त्यांना त्याचा पत्ताही नव्हता. त्या दिवशी आम्ही जेवण थांबवलं नाही. पण आईला बाहेर काढलं आणि अण्णा आत गेले. कारण जाणून मारलं की नकळत, हा हिशेब आजोबांच्या पापपुण्याचा. आईच्या नाकाला दोन्ही सारखंच लागतं. इतकं साधं होतं ते, आणि ते समजायला आम्हां शहाण्यांना एवढा वेळ लागला.

दुसऱ्या झटक्यानंतर दोन वर्षं आजोबा जगले, आणि पुढे आईला कधी टाके घालावे लागले नाहीत. शेवटी शेवटी ते तिला ‘बाळ’ म्हणायचे. ते गेल्यावर ती रडली. मी रडले नाही, पण त्यांचं धोतर शेवटचं धुवायला मीच घेतलं.

साठ साल उलटल्यावर मी शिक्षिका झाले आणि माझं लग्न ठरलं. सासरची मंडळी घरी आली होती, जेवणं झाली होती, पानसुपारी चालली होती. कोणी तरी गमतीने म्हणालं, मुलगी फार धीट आहे म्हणतात. मग काय, मी ही गोष्ट सांगितली. रंगवून सांगितली. दप्तरासकट कशी आत उडी घेतली, मनगट कसं धरलं, आजोबा कसे ओरडले. लोक हसले, सासरे ‘शाब्बास’ म्हणाले. ही गोष्ट मी तोवर खूपदा सांगितली होती आणि दर वेळी मला ती आवडायची.

सगळे गेल्यावर आई आणि मी भांडी आवरत होतो. ती म्हणाली, “छान सांगतेस.”

मी खूश झाले.

“पण आठ महिन्यांचें सांगत नाहींस.”

“कोणते आठ महिने?”

“तूं आंत येण्याच्या आधींचे.” ती पातेलं घासत होती, मान वर केली नाही. आवाजात मी राग शोधला, तो सापडेना. “ते मारायचे तेव्हां मी त्यांच्याकडे बघत नसें गे. तुझ्याकडे बघें. रोज वाटे, आतां पुस्तक खालीं ठेवील.”

मी हातातला पेला पुसत राहिले. तो केव्हाच कोरडा झाला होता.